हळद लावलेलं सिम

कुंभकोणममध्ये आमच्या घरमालकांना काहीही विकायचं असेल, तर ते आधी त्यांच्या तळहातावर ठेवावं लागतं. मग तो नारळ असो, नाहीतर पंख्याचा रेग्युलेटर. ते डोळे मिटतात, हात जरा वरखाली करतात आणि मगच म्हणतात, "सरि. वस्तु आहे." जन्मभर पितळी समया आणि भांडी विकली, त्याची ही खोड. विजेचं बिल मोबाइलवर भरून दाखवलं तरी विचारतात, "वस्तु कुठें?" मग पावती छापून आणायची. तीही तळहातावर.

नाव पांडुरंगराव. गल्ली त्यांना 'राव' म्हणते, मी अप्पा म्हणतो. त्यांचे पूर्वज मराठे राजांच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले. मी आटपाडीकडचा. आठवीत शाळा सुटली आणि गावच्या शेठच्या गलाईच्या दुकानात सोनं-चांदी वितळवायला इथे आलो. तमिळचं अक्षर कळत नव्हतं. बाजारात भाजीवालीपुढे नुसती बोटं नाचवत उभा होतो, तर मागून आवाज आला, "काय पाहिजे तुज?"

मराठी! जरा पोथीतली, पण मराठी. मला वांगी हवी होती, ते विसरून मी त्यांच्या पायाच पडलो. त्यांनी एकेक वांगं तोलून घेऊन दिलं, आणि वर स्वतःच्या माडीवरची खोली दिली. तेव्हापासून मी त्यांच्या घरी आहे आणि त्यांचा शब्द खाली पडू देत नाही.

मला ते 'महाराष्ट्र' म्हणतात. "महाराष्ट्र, खालीं ये. कॉफी जाहली." माझ्या बोलण्याची त्यांना कीव येते. "आम्ही मराठी नेली तशी ठेविली. तुम्ही लोकांनी वापरून वापरून झिजविली," म्हणतात. त्यांच्या मराठीत मध्येच तमिळमधलं 'सरि', म्हणजे 'बरं', आणि 'अय्यो' येतं, ते मात्र त्यांना झिजणं वाटत नाही.

त्यांची एकुलती मुलगी जानकी सिंगापूरला असते. यंदा तिला मुलगी झाली. नात बघायला या म्हणून तिचा रोज फोन, आणि अप्पांचं रोज 'नाही'. कारण एकच, संध्याकाळचा दिवा. देवघरात ओंजळीत मावेल एवढा विठोबा आहे, जवळच्या स्वामीमलै गावात ओतलेला. दिवेलागणीला त्याच्यापुढे समई लागायची आणि घरच्या माणसाने ती बघायची, हा त्या घरचा नेम. आक्का, म्हणजे त्यांची बायको, होत्या तोवर त्या लावायच्या. त्या गेल्यापासून अप्पा. ताप असो, कुणाचं लग्न असो, त्या वेळेला अप्पा देवघरात.

"मी लावीन की," मी म्हणालो.

"तूं लावशील. पाहणार कोण?"

"तुम्हीच. व्हिडिओ कॉलवर."

बोललो आणि जीभ चावली. मी मूळचा घाबरट. अप्पांनी माझा फोन तळहातावर घेऊन तोलला. "सरि. जातों. पण एक सांज चुकली, कीं दुसऱ्या दिवशीं परत."

जानकीला हे कळलं तसा तिचा मला फोन. तिचं मराठी निम्मं तमिळ. "अण्णा, त्यांना परत येऊ देऊ नका. बाळाला अजून आजोबाच नाही दिसले."

आता सगळं माझ्या मानेवर. त्यात विमान तिकडे उतरणार आणि इकडे दिवेलागण होणार. म्हणजे अप्पा नेमके रस्त्यात. जानकीच्या घरी वायफाय होतं, पण टॅक्सीत काय? तिच्या फोनवरून बघा म्हटलं, तर म्हणाले, "नेम माझा, फोनहि माझाच."

मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सार, प्रवासाचं ई-सिम घ्या. तिथे उतरलात की नेट चालू."

अप्पांनी हात पुढे केला.

"कार्ड नसतं सार. ईमेलवर एक कोड येतो, तो स्कॅन करायचा."

हात तसाच. "वस्तु कुठें?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छापून द्या." नाहीतरी फोनवरचा कोड त्याच फोनने कसा स्कॅन करणार? गरम गरम कागद अप्पांच्या तळहातावर आला. डोळे मिटले. "हलकें आहे," म्हणाले, पण घेतला.

मी लगेच स्कॅन करायला निघालो, तर राहुकाळ. "उद्यां," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खाली आलो तर कागद विठोबाच्या पायाशी. लग्नपत्रिकेला लावतात तशी चारही कोपऱ्यांना ओली हळद, आणि मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा. अप्पांचा फोन धरला. हळूहळू पुढे नेला, मागे नेला. फोनला काही दिसेना.

"अप्पा, हे काय केलंत?"

"नवी वस्तु. हळद न लावितां कशी वापरावी?"

मी ओल्या फडक्याने पुसायला गेलो, तर शाईच पसरली. पळत जाऊन ईमेलवरून दुसरी प्रत छापून आणली, आणि ती त्यांच्या हाती न देता तशीच स्कॅन केली. लागलं! फोनवर दोन सिमं दिसली, एक इथलं, एक तिकडचं. अप्पांनी हळदीचा कागद मात्र पासपोर्टात ठेवला. "खरें सिम हें. तें तुझें नुसतें चित्र."

मग ओसरीवर रोज तालीम. उतरल्यावर इथल्या सिमचा डेटा बंद, तिकडच्याचा चालू, रोमिंग तिकडच्यालाच. अप्पा संध्या करावी तसे ओठ हलवत बोट फिरवायचे. चुकले की, "थांब, पहिल्यापासून," म्हणून पुन्हा आचमनापासून सुरुवात.

त्रिचीहून विमान सुटलं. संध्याकाळी मी दुकानातून लवकर निघालो, आंघोळ केली, समई लावली आणि फोन धरून देवघरात बसलो. बाहेर कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा झाली. फोन गप्प. मी लावून पाहिला, तो नुसता फिरत राहिला. वात मोठी केली. मनात म्हटलं, गेलं. उद्या अप्पा दारात, आणि जानकी तिकडे रडत.

आणि फोन वाजला. पडद्यावर अप्पांचा निम्मा कान, मागे पळणारे दिवे, शेजारी जानकी. "अण्णा, मी हात लावला नाही हं! सगळं त्यांनीच केलं."

मी घाईघाईने फोन विठोबाकडे वळवला. समई छान उभी जळत होती.

"अप्पा? दिसतोय का दिवा?"

"दिसला. आतां फोन वळीव."

"कुठे?"

"तुझ्याकडे. विठोबाचें तोंड जन्मभर पाहिलें. तूं रे? घर रिकामें, आणि एकला बसला आहेस. जेवलास काय?"

मी फोन वळवला.

"जानकी," अप्पा तिकडे म्हणाले, "पाहा, ह्यानें आज कांहीं शिजविलें नाहीं. तोंडावरून कळतें." आणि मग मला, "स्वयंपाकघरांत जा. फोन ठेवूं नको. डब्यांत तुझ्यासाठीं भात कालवून ठेविला आहे. तूं खा, मी बघतों."