विमानाच्या पंखावरच्या रेघा

ऑफिसात त्याला सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत आणि त्याचा त्याला कोण अभिमान! नकाशे काढण्यात उभी हयात गेलेली. त्यामुळे बायको विमानाच्या मॉडेलवर रेघा कशा काढतात ते समजावू लागली, तेव्हा त्याला हसूच फुटलं.

"आधी वार्निश मारायचं," बायको म्हणाली. "ते सुकलं की पत्र्याच्या जोडांच्या या खाचांना पातळ शाईचा थेंब टेकवायचा. शाई आपली आपण खाचेत पळते. वर सांडलेली पुसून टाकायची."

"सांडायची आणि पुसायची? याला रेघ काढणं नाही, पसारा घालणं म्हणतात!"

"म्हणू द्या. तुम्ही फक्त वार्निश मारून ठेवा. रेघांचं मी बघते. आता बाबांना घेऊन येते."

बाबा म्हणजे त्याचे सासरे. त्यांनी नोकरीभर याच जातीची विमानं दुरुस्त केली. आज त्यांचा वाढदिवस, आणि लेकीने कित्येक महिने मान मोडून रंगवलेलं हे रुपेरी विमान त्यांना द्यायचं होतं. बाबांनी ते हातात घेऊन ‘वा!’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

तिची पाठ वळली आणि फूटपट्टीचे हात शिवशिवायला लागले. वार्निश-बिर्निश लटपटत्या हातांच्या लोकांसाठी! त्याने जन्मात न पुसणाऱ्या शाईचं आपलं खास पेन काढलं, पंखावर स्टीलची पट्टी ठेवली आणि झोकात रेघ ओढली.

पंख फुगीर. पट्टी डुगडुगली. रेघ खाच सोडून भलतीकडेच चालती झाली!

ओल्या बोळ्याने पुसली. ढिम्म! मग थिनर लावलं. रेघ गेली, पण जाताना रुपेरी रंगही घेऊन गेली. पंखाला रुपयाएवढं टक्कल पडलं! ते झाकायला त्याने त्यावर आडव्या रेघा मारल्या. त्या उघड्याबोडक्या दिसायला लागल्या, म्हणून उभ्या मारल्या. आता दुसरा पंख वेगळा दिसायला लागला. मग त्यालाही तेच! तेवढ्यात फोन वाजला.

"वार्निश मारलंत ना?"

"मारलं... म्हणजे, बरंच काही मारलंय."

"अहो, रेघांना हात नाही ना लावलात?"

"हात? छे! पट्टी लावली."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला. घाबरून त्याने शेपटीवरही चार रेघा ओढल्या.

दारात पाऊल ठेवताच बायकोची नजर टेबलावर गेली. "अहो, काय केलंत हे!" तिचे डोळे भरून आले. "बाबा, बघू नका हो!"

पण बाबांनी विमान उचललंसुद्धा! चष्मा वर-खाली करून त्यांनी ते चारी बाजूंनी निरखलं आणि ओरडले, "वा! अगं, हे तर धावपट्टीवरून घसरून तारेच्या जाळीत घुसलेलं आमचं विमान! अंगभर अश्शीच जाळी, अस्सेच रंगाचे पोपडे! हुबेहूब गं पोरी, हुबेहूब!"

फूटपट्टीची छाती पुन्हा फुगली. पुढे सरसावून त्याने विचारलं, "आणि त्या वैमानिकाचं पुढे काय झालं हो, बाबा?"

"काय होणार? दुसऱ्याच दिवशी हाकलून दिला गाढवाला!"

बायकोने डोळे पुसले, नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"तुमच्याकडे बरी सोय होती, बाबा."