उंदरांना जामीन

माझी चूक आधी सांगतो. शेजारच्या अण्णा वकिलांना मी भर गल्लीत ‘उंदरांचा वकील’ म्हणालो होतो.

म्हणायला निमित्त होतं. अण्णा पिंजरा लावत, उंदीर सापडे, पण मरत नसे. सकाळी काळा कोट चढवून ते पिंजरा स्कूटरला अडकवत आणि कोर्टाआधी कुंभारी गावाकडच्या माळावर उंदीर सोडून येत. “ज्वारी खाल्ली, गुन्हा शाबीत हाय. पण अपील व्हायचंय की!” एकदा अर्ध्या शेपटीचा एक उंदीर परत आला. गल्ली हसली, अण्णा हरखले. “बघा, फरार न्हाय झाला. हजेरीला आला!”

गणेश मंडळानं ठराव केला, सरावाला उशीर करणारा लेझमीतून बाद. अण्णा उठले. “नियम मंडळानं करावा. पण त्याचं म्हणणं ऐकून होईस्तोवर त्याला नाचू द्यायचं का, हे अध्यक्षानं बघावं.” तेव्हा मीही हसलो होतो.

मग माझ्या बहिणीच्या, सुमनच्या, नवऱ्याला शिक्षा झाली. दाजी वैरागचे, टेम्पो चालवायचे. भाड्याच्या मालात गांजा निघाला. दाजी म्हणत, गोण्यांत काय होतं ते मला ठाऊक नव्हतं. सुमन रडत माझ्याकडे आली. मी म्हणालो, “कायद्यातच लिहिलंय, या गुन्ह्यात शिक्षेनंतर जामीन नाही. आता काही होत नाही.”

भिंतीपलीकडून अण्णा बोलले, “मास्तर, कायदा करणाऱ्यांनी दार लई अरुंद केलंय, पण बुजवलं न्हाय. कडी न्यायाधीशाच्याच हातात हाय. मी अर्ज करतो.”

तेव्हाच मी गल्लीत येऊन त्यांना ‘उंदरांचा वकील’ म्हणालो. वर म्हणालो, “माणसांच्या भानगडीत पडू नका.” खरं सांगायचं तर दाजींना मनातून मीही दोषी धरलं होतं. गप्प बसणं मला सोयीचं होतं. अण्णा आत गेले.

दाजींची दिवाळी तुरुंगात गेली. शेवटी सुमन मला न विचारता अण्णांकडे गेली.

अण्णांनी अपिलासोबत जामिनाचा अर्ज केला. हायकोर्टानं ऐकलं. गोण्यांत काय आहे हे दाजींना माहीत होतं, असं दाखवणारा पुरावा न्यायाधीशांना कच्चा वाटला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळाला. सुमनचा फोन आला आणि मी जिन्यातच बसलो. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास आला.

दाजी सुटले त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. दाजींनी विचारलं, “अण्णा, घरात कोण कोण असतं?”

“मी आन् आरोपी,” अण्णांनी पिंजऱ्याकडे बोट केलं. सगळे हसले. मग भाकरी मोडता मोडता ते म्हणाले, “थोरला भाऊ होता. त्याला जामीन न्हाय मिळाला. अपिलात निर्दोष सुटला, पर निकाल ऐकायला तो न्हवता.” आणि लगेच, “मास्तर, दही घ्या की.”

दुसऱ्या सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. पिंजरा उचलला, स्कूटरवर त्यांच्या मागे बसलो. माळावर अण्णांनी मान हलवली, तशी मी कडी काढली. उंदीर क्षणभर बिचकला, मग गवतात पसार झाला.

“अण्णा,” मी म्हणालो, “त्या दिवशी तुम्हाला बोललो, आणि दाजींचं म्हणणं ऐकलंच नाही. चुकलो मी. माफ करा.”