दामलेभावजींची बारावी काठी

दामलेभावजींच्या घरात बोलता बोलता काठी वाकते. मासे धरायची काठी. दिवाणखान्यात सोफ्याच्या हातावर आडवी ठेवलेली असते, आसपास पाण्याचा थेंब नाही, खिडक्या बंद. आणि तिचं टोक आपलं आपण खाली जातं, वर येतं. की भावजींचा तळवा हवेत. "श्श! टोक बघा, टोक!" मग ओठांतल्या ओठांत मोजतात, उठतात, आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा अर्धा चहा बशीत सांडला होता.

मी मूळची अलिबागची. मुलगा जर्मनीत, इंगोलश्टाटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. त्याच्याकडे राहायला आले ती नेमकी नोव्हेंबरात. इथला नोव्हेंबर म्हणजे डोनाऊ नदीवरून निघालेलं धुकं थेट जिन्यापर्यंत येतं. चारला दिवे लावायचे. समोरून येणारा माणूस दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. अशात माझी सून मुग्धा म्हणाली, "आई, वरच्या मजल्यावर दामलेकाका आहेत, आपले मराठी. मासे पकडतात. अकरा रॉड आहेत त्यांच्याकडे." अकरा! मी मनातल्या मनात कोकमं भिजत घातली आणि दुसऱ्याच दिवशी वड्यांचा डबा घेऊन वर गेले.

"आम्ही मासे खात नाही," भावजींनी दारातच सांगितलं. "आल्झो, तर मग, या ना, बसा."

खात नाहीत, आणि काठ्या अकरा! पॅसेजच्या भिंतीला ओळीने उभ्या, प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवलेली. 'जड'. 'मध्यम'. 'सकाळची'. 'तापाची'.

"तापाची म्हणजे काय हो?" मी विचारलं.

"त्या दिवशी ओढ कमी असते."

कुणाची, ते काही सांगितलं नाही.

नोकरीतही भावजींचं काम जगावेगळंच होतं. नव्या गाडीत बसायचं, डोळे मिटायचे आणि कुठे काय खुळखुळतं ते शोधायचं. चाळीस वर्षं तेच केलं. एकदा मी जिना चढून वर पोचते तोच म्हणाले, "वहिनी, डाव्या हातातली एक बांगडी चिरलीय." बघते तर खरंच चिरलेली.

बायकोबद्दल मात्र एकच वाक्य. "सुमती आत आहे, दोन वर्षं पडून असते." मी सारखी जात-येत होते, पण आतून कधी खोकला नाही, पलंग करकरला नाही. भेटू का म्हटलं की, "आज नको, आज ती दमलीय." रोज तेच. दुसरं कुणी वर जाताना दिसायचं नाही, सकाळी सातला पांढऱ्या गाडीतून एक पेपरवाली मुलगी यायची तेवढीच. शेवटी मी सुनेला विचारलं, "अगं, त्या खोलीत नक्की कुणी आहे ना?"

"आई, प्लीज! तुम्ही त्या भुताच्या मालिका बघणं बंद करा." पण थोड्या वेळाने तीच हळूच म्हणाली, "मीसुद्धा काकूंना कधी पाहिलं नाहीये हां."

झालं! एकदा त्या बाईला माझ्या डोळ्यांनी बघायचंच, असं मी ठरवून टाकलं.

जानेवारीत एका दुपारी भावजीच खाली आले. चेहरा उतरलेला. "अकरावी काठी बिघडली, वहिनी. आठवडा झाला, टोक हललं नाही. काठी जड झालीय. दुकानात येता?"

काठी जड कशी होईल? पण मी स्वेटर चढवला.

दुकानदार दाढीवाला, भलता उत्साही. त्याने काउंटरवर काठ्या मांडल्या आणि भावजी मला मराठीत सांगत गेले. जड आमिष जोरात ओढून मोठा हेख्ट मासा धरायचा, तर ही जाड आणि ताठ. रबराचा मासा तळावरून उड्या मारत आणायचा, तर ही चपळ टोकाची, दगड कुठला आणि गवत कुठलं ते मनगटाला वेगवेगळं कळतं. आणि एवढंसं आमिष, नखरेल बार्श मासा, तर ही सडपातळ. भावजींनी सडपातळ उचलली, टोक माझ्या तोंडासमोर धरलं.

"फुंका."

"अहो भावजी, लोक बघतायत!"

"बघू देत. फुंका. हळू. त्याहून हळू. झोपलेल्या बाळावर फुंकतात तशी."

पाच काठ्यांवर फुंकर मारली मी, त्या भर दुकानात! दुकानदाराने काहीतरी विचारलं, भावजींनी उत्तर दिलं, आणि त्या बिचाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"काय म्हणाला?"

"मासा कोणता, विचारतोय. मी म्हटलं, वजन पंचेचाळीस किलो, ओढ अर्ध्या ग्रॅमची."

ते हसले नाहीत. मला बसमध्ये सबंध वाटभर थंडी वाजत होती.

घरी आल्यावर त्यांनी नव्या काठीत दोरा ओवला. विणलेला, न ताणणारा, केसासारखा बारीक. "ताणणारा दोरा मधल्या मध्ये ओढ खाऊन टाकतो," म्हणाले. मग आतलं दार उघडलं. "वहिनी, दोऱ्याचं टोक धरून आत चला."

पांढरी चादर, पांढरे केस, खिडकीत पांढरं धुकं. मला क्षणभर पलंग रिकामाच वाटला. मग डोळे दिसले. उघडे, माझ्याकडे बघणारे. सकाळी सातला पांढऱ्या गाडीतून येणारी ती मुलगी, जिला मी पेपरवाली समजत होते, ती हिला पुसून-आवरून जाणारी नर्स होती.

"पक्षाघाताच्या झटक्यानंतर हे एकच बोट राहिलं," भावजी दोऱ्याच्या फासाखाली लोकर गुंडाळत म्हणाले. "घंटीचं बटण दाबवत नाही. कॅमेरा लावून पाहिला, त्यात ती दिसते, पण बोलत नाही. आणि बोट हललेलं कधी कधी डोळ्याला दिसतही नाही. टोकाला कळतं. एक म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस."

"आणि तीन?"

त्यांनी गाठ पुन्हा सोडली, पुन्हा मारली. "तीनला काम नसतं. तीन म्हणजे नुसतं, मी आहे." मग म्हणाले, "काठीच जड होती हो."

भावजी, काठी नव्हे हो, बोट थकलंय, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

ते बाहेर काठीपाशी जाऊन बसले. मी सुमतीला दुकानातल्या फुंकरीची गोष्ट सांगितली, तिखटमीठ लावून. मग मी त्या बोटावर नजर लावून बसले. बोट हललं नाही. शपथेवर सांगते, हललं नाही.

बाहेरून भावजींचा आवाज आला. "एक."

मी पाण्याचा पेला उचलला.

"दोन."

पेला ठेवला, तिच्या खांद्याखाली हात घातला.

मग काहीच नाही. मी तशीच वाकलेली.

"तीन."

ते उठून आत येतील असं वाटलं. आले नाहीत. फरशीवरचा दोरा तेवढा सरळ झाला, ताणला गेला, आणि सुमतीचं बोट चादरीवरून अलगद उचललं गेलं. एकदा. दोनदा. आणखी एकदा.

भावजी उत्तर देत होते.