सुटलेला बिंदू

शाळेने भूमिती विकत घेतली, ही बातमी काटकोनसरांना शिक्षककक्षात चहा पिताना कळली.

"म्हणजे नक्की काय विकत घेतलं?" त्यांनी कप खाली ठेवून विचारले.

"ऑनलाइन साहित्य, सर," समन्वयक म्हणाला. शाळेतल्या सर्व पडद्यांचा आणि पासवर्डांचा ताबा या तरुणाकडे होता, आणि ज्ञानाचाही ताबा त्याच पदाबरोबर येतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. "हलत्या आकृत्या, व्हिडिओ, स्वाध्याय, आपोआप तपासणी. सगळं तयार आहे. तुम्ही फक्त लिंक उघडायची."

"आणि शिकवायचं कुणी?"

"ते त्यातच आहे, सर."

काटकोन हे नाव मुलांनी ठेवलेले. सर जमिनीशी ज्या कोनात उभे राहत, तो पाहता नावात अतिशयोक्ती नव्हती. फळ्याचा मोठा लाकडी कंपास ते वर्गात नेत, पण वापरत नसत. खांद्यातून हात फिरवून ते एका दमात वर्तुळ काढत, आणि रेघेचा शेवट सुरुवातीला येऊन मिळाला की मागच्या बाकापर्यंत शांतता पसरे. शाळेच्या नव्या धोरणात या शांततेसाठी रकाना नव्हता.

धोरण मुख्याध्यापिकांचे होते. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्यांचा हुकूम असा की, प्रत्येक शिक्षकाने आपापल्या प्रमेयांच्या हलत्या आकृत्या स्वतः तयार कराव्यात. ज्यांना जमणार नाही, त्यांच्या तासाला विकतचा व्हिडिओ लावण्यात येईल. त्या व्हिडिओत एक गृहस्थ शुभ्र दात दाखवत प्रमेय सांगत. सिद्ध करण्याची वेळ आली की "हे तर तुमच्या लक्षात आलंच असेल" असे म्हणून पुढे जात. भूमितीचा अडीच हजार वर्षांचा प्रवास ज्या एका प्रश्नामुळे झाला, तो 'कशावरून?' हा प्रश्न त्यांना कधी पडलेला दिसत नव्हता.

सरांनी घरी लॅपटॉप उघडला आणि अर्धवर्तुळातला कोन घेतला. व्यास काढला, वर्तुळ काढले, वर्तुळावर 'प' हा बिंदू ठेवला, तो व्यासाच्या दोन्ही टोकांना जोडला. कोन नव्वद अंश. मग 'प' सरकवला, तर तो वर्तुळ सोडून वाऱ्यावर निघून गेला आणि कोन त्र्याऐंशी अंशांचा झाला.

"अशक्य!" सर ओरडले.

"काय झालं?" बायको आतून म्हणाली. ती फोनवर लेकीशी बोलत होती.

लेक दूरच्या शहरात नोकरीला होती. दर रविवारी तिचा फोन आईला येई आणि तासभर चाले. शेवटी तो बापाच्या हाती दिला जाई. "कसे आहात, बाबा?" "बरा आहे." "औषध घेता ना?" "घेतो." मग "आईला द्या." हे संभाषण इतके पक्के झाले होते, की दोघांपैकी कुणी आजारी असते तरी ते बिनबोभाट पार पडले असते. लेक लहान असताना स्वयंपाकघराच्या फरशीवर बाप खडूने वर्तुळे काढी आणि ती त्यांच्या परिघावरून पाय न चुकवता चाले. त्यानंतर दोघांना बोलायला विषय म्हणून सापडला नव्हता.

त्या रविवारी मात्र सर फोनवर म्हणाले, "अगं, माझा बिंदू पळतोय."

"काय?"

"वर्तुळावर ठेवला होता. राहत नाही."

पलीकडे लेक चक्क हसली. "थांबा बाबा, फाईल मला उघडून द्या. हं, आता आपण दोघंही त्यात बदल करू शकतो. शाळेला नुसती बघायची लिंक द्या, म्हणजे दुसरं कुणी हात लावणार नाही. आता सांगा, 'प' कसा ठेवलात?"

"डोळ्यांनी. अगदी बरोबर परिघावर."

"तेच चुकलं. नुसता ठेवायचा नाही, बांधायचा. वर्तुळावर बोट ठेवून 'बिंदू बांधा' करा. आता ओढून बघा."

सरांनी ओढला. 'प' परिघावरून गोल फिरला, कोन नव्वदावर खिळून राहिला. हजार मैलांवरून दुसरा एक बाण पडद्यावर आला आणि त्यानेही 'प' फिरवला. बराच वेळ दोघे आळीपाळीने एक बिंदू फिरवत बसले. बोलण्यासारखे काही नव्हते आणि त्याची अडचणही वाटली नाही. आईचा चहा निवून गेला.

पुढच्या रविवारी काहीच बिघडलेले नव्हते. "औषध घेता ना?" "घेतो." "आईला द्या."

त्याच्या पुढच्या रविवारी, फोन यायच्या थोडे आधी, सरांनी बिंदू सोडवून ठेवला.

एवढ्या एका लबाडीवर पुढचे सगळे रामायण उभे राहिले. एरवीच्या दुपारी सर त्या प्रणालीचा अभ्यास करत, आणि लवकरच त्यांना त्यातले असे काही येऊ लागले, की विक्रेत्यानेही शिकवणी लावावी. रविवारी ते हे सारे ज्ञान निष्ठेने विसरत. कधी स्पर्शिका सुटे, कधी लंबदुभाजक कलंडे. लेक न कंटाळता सांगे, "बाबा, बांधा. नुसतं ठेवू नका," आणि सर म्हणत, "अस्सं होय!"

मग एका रविवारी बोलण्याच्या नादात आकृती दुरुस्त करायची राहून गेली. सोमवारी समन्वयकाने भर वर्गात लिंक उघडली आणि पडद्यावर अर्धवर्तुळातला कोन त्र्याऐंशी अंशांचा झळकला.

"सर, प्रमेय बदललं का?" मागून कुणीतरी विचारले.

"नवीन अभ्यासक्रमात सात अंश वगळले असतील," दुसऱ्याने खुलासा केला.

वर्ग हसला, समन्वयक हसला नाही. त्याने ते मोठ्या बाईंच्या कानावर घातले. तिकडे लेकीने आईला हळूच विचारले, "आई, बाबा तेच तेच विसरतात. दर आठवड्याला तेच सांगते मी. डॉक्टरांना दाखवून आण ना."

बायकोने नवऱ्याला रक्तदाब मोजायचा म्हणून नेले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला नाही. कोरा कागद पुढे केला.

"एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

"कंपास आहे?"

"नाही. नुसतं असंच काढा, साधं."

सरांनी हात फिरवला. वर्तुळ असे उमटले, की डॉक्टर खुर्चीतून पुढे झुकले. मग सरांनी व्यास काढला, त्याला लंब काढला, प्रत्येक काटकोनाचे तीन समान भाग केले. बाहेरचे रुग्ण चुळबुळू लागले.

"आकडे नुसते मांडले तरी चालेल हो."

"नुसते मांडून चालत नाही," सर म्हणाले. "आणि तुम्हाला तासकाटा नेमका अकरावर हवा असेल, तर तसा येणार नाही. दहा मिनिटांत तो पाच अंश पुढे गेलेला असतो. म्हणजे दोन काट्यांत पंचाऐंशी अंश. तुम्ही आजवर किती जणांना चुकीच्या घड्याळावरून पास केलंत?"

डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेतले. "स्मरणशक्ती ठणठणीत आहे. स्वभावावर माझ्याकडे औषध नाही."

रस्त्यावर आल्यावर ती थांबली. "अहो, ठणठणीत आहे ना? मग दर रविवारी ते सोंग कशाला?"

सर समोरच्या पाटीकडे पाहत राहिले.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"तू तिला सांगू नकोस."

तिने त्यांच्याकडे पाहिले आणि तिच्या लक्षात आले. आवाज एकदम खाली आला. "मला म्हणाला असतात, तर फोन आधी तुमच्याच हातात दिला असता."

"दिला असतास. मी बोललो काय असतो?"

घर येईपर्यंत तिने त्यांची पिशवी स्वतःच्या हातात धरली, ही त्यांच्या संसारातली फार मोठी भावनिक घटना होती.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी सरांना बोलावले. "सर, तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदरच आहे," त्या म्हणाल्या. या वाक्यानंतर माणसाकडून काहीतरी काढून घेतले जाते, हे सरांना ठाऊक होते. "पण तुम्हाला त्रास होतोय. तुमच्या तासाला आता व्हिडिओ लावू. तुम्ही मागे बसून मुलांवर लक्ष ठेवा."

"मी फळा सोडून मागे बसू?"

"फळा काढतोय आपण. तिथे मोठा पडदा येईल."

सर उभेच होते, नेहमीच्याच कोनात. "मला एक संधी द्या. सोमवारी. सगळ्यांसमोर."

"सोमवारी तपासणी अधिकारी येणार आहेत."

"मग त्यांच्याही समोर."

शनिवारी सरांनी जीव ओतून आकृती केली. अर्धवर्तुळातला कोन, त्यावरून चक्रीय चौकोन, सगळे एका 'प'वर तोललेले आणि 'प' वर्तुळाला घट्ट बांधलेला. पडद्याकडे पाहताना त्यांना कळून चुकले, की या वेळी ती बिघडवता येणार नाही. आणि बिघडली नाही, तर रविवार गेला. वर्ग की रविवार, असा तो हिशेब होता. वर्गात पन्नासेक मुले होती आणि रविवारी एकच, तरी त्यांना तो हिशेब सुटायला संध्याकाळ लागली.

रविवारी बायकोने दोनच वाक्ये बोलून फोन त्यांच्या हातात दिला.

"बाबा, आज काय अडलं?" लेकीने उत्साहाने विचारले.

"आज काही नाही गं. सगळं जमलंय."

"सगळं?"

"सगळं बांधलंय. उद्या दाखवायचंय शाळेत. आता तुला त्रास नाही."

"अरे वा," लेक म्हणाली. "म्हणजे… छानच की. औषध घेता ना?"

"घेतो."

"बरं. आईला द्या."

सोमवारी सकाळी मोठा पडदा, मोठ्या बाई, समन्वयक, खुर्चीत रेलून बसलेले अधिकारी आणि सगळा वर्ग यांच्यासमोर सरांनी फाईल उघडली, 'प' पकडला आणि ओढला. 'प' वर्तुळ सोडून वाऱ्यावर निघून गेला. कोन, त्र्याऐंशी अंश.

समन्वयकाने मोठ्या बाईंकडे पाहिले. मोठ्या बाईंनी छताकडे पाहिले.

सर पडद्याकडे पाहत होते. ही आकृती त्यांनी बिघडवली नव्हती. शाळेकडे नुसती बघायची लिंक होती. हात लावू शकणारे जगात दोघेच होते आणि त्यांतल्या एकाने लावलेला नव्हता. पलीकडे कुणीतरी, घाईघाईने, कसलेही कौशल्य न दाखवता, बापाने नेहमी सोडवायचा तोच बिंदू सोडवून ठेवला होता.

वर्गाला सरांचा चेहरा दिसला नाही, कारण ते प्रथमच थोडे वाकले होते.

"सर, प्रमेय पुन्हा बदललं?" मागून आवाज आला.

"नाही," सर म्हणाले. "बघा नीट. हा बिंदू वर्तुळावर नुसता ठेवलाय. दिसतो जागेवर, पण हलवला की जातो. आता बांधतो." त्यांचे बोट इतक्या सफाईने फिरले, की समन्वयकाने मान पुढे काढली. "आता कितीही लांब ओढा. कोन तोच राहतो. कशावरून? चला, सिद्ध करू." आणि पडद्याशेजारी उरलेल्या फळ्याच्या तुकड्यावर त्यांनी एका दमात वर्तुळ काढले. मागच्या बाकापर्यंत शांतता पसरली.

"मुद्दाम चूक दाखवून शिकवणं," अधिकारी खुर्चीत सावरून बसत म्हणाले, "आधुनिक पद्धत आहे ही. बाई, यांच्याकडून इतर शिक्षकांना प्रशिक्षण द्या."

"आमचं धोरणच आहे ते," मोठ्या बाई म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत सर शिक्षककक्षाच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसले. इकडेतिकडे पाहून त्यांनी 'प' पुन्हा सोडवला. मग रविवार नसताना, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतः लेकीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"अगं, तो बिंदू सुटला बघ पुन्हा."



"हो का?" लेक म्हणाली. "बघते हं. पण बाबा, हे काम जरा किचकट दिसतंय. वेळ लागेल."

"लागू दे," सर म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.