गॅस्पार बेला कोणी नसतं

बायकोला एक दिवस कुठेतरी शांत ठिकाणी न्यावं, असं माझ्या मनात आलं. एवढंच. यापलीकडे माझ्या मनात काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

आता कार्निव्हलच्या आधी आमच्या अरिमा गावात शांतता शोधणं म्हणजे समुद्रात गोडं पाणी शोधण्यासारखं आहे. आमच्या घराच्या एका बाजूला पॅनयार्ड, म्हणजे स्टीलबँडच्या तालमीचं अंगण. तिथे अख्खी गल्ली संध्याकाळ झाली की स्टीलच्या पिंपांवर एकच धून बडवत बसते आणि चुकली की पहिल्यापासून सुरू करते. (रोज चुकते.) घरात माझी बायको एस्लिन कार्निव्हलचे पोशाख शिवते. त्यामुळे पुढच्या खोलीत पिसं, मणी, चमकी आणि मापं द्यायला आलेल्या पोरी. चमकी इतकी, की माझ्या डब्यातला भातसुद्धा कचेरीत चमकतो. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे टँटी इस्मे.

टँटी ही एस्लिनची आत्या. गुडघा दुखतोय म्हणून चार दिवस राहायला आली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत बसते आणि तिथून "एस्लिन!" अशी हाक मारते. पाणी हवं, एस्लिन! पंखा हवा, एस्लिन! पंखा नको, एस्लिन! पॅनयार्डातल्या लोकांनी एकदा ती हाक चालीत बसवलीही होती.

त्या संध्याकाळी हाक आली आणि एस्लिन उठली नाही. मी पाहिलं तर तिने शिलाई मशीनवर गाल टेकवला होता.

"काय झालं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "मशीन गार आहे. बरं वाटतंय."

मी माणूस तसा ढिम्म आहे, पण हे मला लागलं. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. येत्या रविवारी गॅस्पार बे!

गॅस्पार बे हा एक एकाकी समुद्रकिनारा. तिथे जायला रस्ता नाही. उत्तर किनाऱ्यावरच्या गावातून बोटीने जायचं, नाहीतर जंगलातून चिखल तुडवत. म्हणून तिथे कोणी जात नाही. फक्त ही गोष्ट टँटीला कळता कामा नये. टँटीला कळलं तर ती येणार, आणि टँटी आली की तिच्या चर्चचं अख्खं महिला मंडळ येणार. मी कोणालाच काही न सांगता, थेट त्या वाळूवर नेऊन एस्लिनला चकित करायचं ठरवलं.

मी मागच्या पायऱ्यांवर बसून सिप्रियन बोटवाल्याला फोन लावला. इंजिनापाशी जन्म गेल्यामुळे सिप्रियनला कमी ऐकू येतं. त्यामुळे मला कुजबुजावं लागलं ते ओरडून.

"सिप्रियन, रविवारी गॅस्पार बेला कोणी असतं का रे? ... एकही माणूस नाही? वा! ... आणि मोठ्याने आवाज केला तरी गावात ऐकू जात नाही ना?" (मला एस्लिनला गाणं म्हणून दाखवायचं होतं. माझं गाणं ज्याने ऐकलंय त्याला हा प्रश्न योग्यच वाटेल.) "पाणी खोल आहे? ... नाही रे, तिला पोहता येत नाही. अजिबात नाही. ... नाही, तिला काही बोललेलो नाही. आधी कळलं तर सगळंच फसेल. ... हो, जाताना ओझं आहे. येताना मी हलका होऊन येईन."

ओझं म्हणजे खाण्याची पेटी. हे मला ठाऊक, सिप्रियनला ठाऊक. खिडकीच्या झडपेमागे उभ्या असलेल्या टँटीला मात्र ठाऊक नव्हतं. आणि टँटी झडपेमागे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खरेदी केली. झाडाला झोपायची झोळी बांधायला दोर. सावलीसाठी ताडपत्री. खड्डा खणून त्यात नीरफणस भाजायचा म्हणून फावडं. आणि नारळासाठी आमचा जुना कोयता धार लावून आणला. सगळं खाटेखाली सरकवलं. गुडघेदुखीची बाई खाली वाकून खाटेखाली बघेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

त्यानंतर घरात काहीतरी विलक्षण घडू लागलं. टँटी स्वयंपाक करू लागली! मी कामावरून आलो तर ती चुलीपुढे उभी आणि एस्लिन झुलत्या खुर्चीत. टँटी तिला चहा देतेय, पाय चेपून देतेय, मापं द्यायला आलेल्या पोरींना झाडू दाखवून हाकलतेय. मधूनच एस्लिनच्या डोक्यावर हात ठेवून डोळे पुसतेय. माझ्याकडे बघितलं की छातीवर क्रूस काढतेय.

एकदा जेवताना ती मला म्हणाली, "ऑब्री, माणसाने देवाला भ्यावं."

"भितो की."

"या पोरीनं तुझं काय वाकडं केलंय?"

मी गहिवरलो. टँटीला अखेर भाचीची दया आली होती. मी म्हणालो, "काहीच नाही, टँटी. उलट फार सोसलंय तिनं. आता तिला सुटका मिळायला हवी. बघाल तुम्ही, रविवारनंतर तिच्या चेहऱ्यावर कशी शांती दिसेल!"

टँटीच्या हातातून डाव पडला. म्हातारपणी हात थरथरतात, असा विचार करून मी तो उचलून दिला.

रविवार उजाडला. टँटी पहाटेच चर्चला गेली होती, त्यामुळे सामान बाहेर काढताना काही अडचण आली नाही. एस्लिनने कोयता पाहिला, दोर पाहिला, फावडं पाहिलं, आणि एक प्रश्न न विचारता गाडीत बसली. (मला त्यात विश्वास दिसला. नंतर कळलं की तो विश्वास नव्हता.)

सिप्रियनने आम्हाला उतरवलं आणि दुपारी येतो म्हणून तो निघून गेला. आणि गॅस्पार बेला खरंच कोणी नव्हतं. लांबलचक वाळू, मागे देशी बदामाची झाडं, आणि लाटा येऊन परत जायच्या एवढाच काय तो आवाज. एस्लिनने चपला काढल्या. पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली आणि एक लांब श्वास सोडला. तो श्वास ऐकून मला माझाच अभिमान वाटला.

म्हटलं, आता पहिल्यांदा शहाळं. मी एक नारळ वाळूत घट्ट रोवला आणि तिला जवळ बसवलं. "एस्लिन, डोळे मीट. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत हं!"

तिने डोळे मिटले. मी कोयता उचलला.

"मारलंस तर बघ, मेल्या!"

बदामाच्या झाडीतून टँटी इस्मे बाहेर पडली. डोक्यावर चर्चची जांभळी हॅट, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात छत्री. तिच्या मागोमाग अख्खं महिला मंडळ! आमच्या आधी तिथे पोहोचायला त्या अंधार असतानाच जंगलात शिरल्या होत्या. मला एवढा जबरदस्त धक्का बसला की कोयता कुठे गेला तेच कळलं नाही. पुढच्या क्षणी छत्री माझ्या कपाळावर, कोणाचीतरी पर्स कानावर (आत बायबल होतं, ते मला आवाजावरून कळलं), आणि मी पाठीवर उताणा, खाण्याच्या पेटीत. नाताळची उरलेली सॉरेलची बाटली माझ्याखाली फुटली, आणि ते अंबाडीच्या बोंडांचं लालभडक सरबत माझ्या पांढऱ्या शर्टावर पसरलं.

"रक्त!" मंडळाच्या खजिनदारबाई किंचाळल्या.

"सरबत!" मी किंचाळलो.

"बोल, दोर कशाला आणलास?"

"झोळीला!"

"फावडं?"

"नीरफणसाला!"

"आणि तिला पोहता येत नाही म्हणून खूष का होतास?"

"खूष कुठे होतो, बोटवाल्यानं विचारलं म्हणून सांगितलं!"

टँटीने छत्री खाली घेतली. मग सगळ्यांचं एस्लिनकडे लक्ष गेलं. ती वाळूत आडवी पडली होती आणि थरथरत होती. खजिनदारबाई तिला सावरायला धावल्या. पण एस्लिन रडत नव्हती. ती हसत होती. पोट धरून, श्वास अडकेपर्यंत हसत होती.

मी उठून बसलो. "एस्लिन, तुला... तुला हे माहीत होतं?"

"टँटीनं मला स्वयंपाकघरात नेऊन रडत रडत सांगितलं होतं. म्हणाली, तुझा नवरा तुला रविवारी बुडवणार आहे."

"आणि तू काहीच बोलली नाहीस?"

"काय बोलू? आयुष्यात पहिल्यांदा ही बाई माझे पाय चेपत होती, ऑब्री! तुझं निरपराधीपण सिद्ध केलं असतं तर दुसऱ्या दिवशीचा चहा कोणी दिला असता?"

टँटीने हॅट सारखी केली. मग म्हणाली, "मी प्रेमानं चेपत होते."

"पण तुला जरासुद्धा भीती वाटली नाही?" मी विचारलं. एवढं तरी मला हवं होतं.

"तुझी?" एस्लिन म्हणाली, आणि पुन्हा आडवी झाली. यावेळी तिच्याबरोबर सगळं मंडळ हसलं. सर्वात मोठ्याने टँटी हसली, जिने माझ्या भीतीपायी अख्खं जंगल तुडवलं होतं. छत्री परवडली, असं मला वाटलं.

पेटीतला पेलाव भात वाचला होता, तो मंडळाने संपवला. झोळी मी बांधली, तीत टँटी झोपली. मग कोणीतरी देवाचे आभार मानायचे म्हणून भजन सुरू केलं. टँटीला जाग आली. "एस्लिन! पाणी!" "एस्लिन! ऊन येतंय!" मी एस्लिनकडे पाहिलं. ती पाण्याकडे तोंड करून बसली होती, आणि मशीनवर गाल टेकवला होता तेव्हा तिचा चेहरा जसा दिसला होता तसाच आता दिसत होता.

सिप्रियनची बोट आल्याबरोबर ती उठली. "टँटी, तुम्ही सगळ्या आता निघा."

"आणि तू?"

"मी संध्याकाळी येईन."

का कुणास ठाऊक, टँटीने वाद घातला नाही. मंडळ बसल्यावर बोटीत मुंगीलासुद्धा जागा उरली नाही. ती दूर जाईपर्यंत मी हात हलवत राहिलो. मग हात चोळत वळलो. "चला! आता आपण दोघंच!"

एस्लिनने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. फार दिवसांनी केली. "ऑब्री, तू माझ्यासाठी किती केलंस रे. माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं. आता एवढं शेवटचं कर."

"सांग ना!"

"तू पण जा."

ती चेष्टा करत नव्हती. शिवाय तिच्या डोळ्यांत राग नव्हता, उलट माया होती, त्यामुळे भांडताही येईना.

"पण बोट तर गेली."

"जंगलातून वाट आहे ना."

मी गेलो. वाटेत झुडपं तोडायला कोयता घेतला. फावडं पायात येतं म्हणाली, तेही घेतलं. दोन वेळा पडलो, काट्यांनी हात ओरबाडले, आणि अखेर गावातल्या दुकानासमोर जंगलातून बाहेर आलो. तिथे माणसं बाकांवर बसून पीत होती. ती माझ्याकडे बघून एकदम उभी राहिली.

मला काय माहीत, की पहाटे जंगलात शिरण्याआधी टँटीने दुकानदाराला सगळी हकीकत सांगून पोलिसांना कळवायला लावलं होतं! परतताना मंडळ धक्क्यावरूनच चर्चच्या गाडीत बसून अरिमाला निघून गेलं. दुकानदाराला "तो सगळा आमचा गैरसमज होता" एवढं सांगायचं कोणालाही सुचलं नाही.

निरोप मिळून नुकत्याच तिथे पोहोचलेल्या कॉन्स्टेबल रामखेलावन यांनी हातातला वडा खाली ठेवला. "ते फावडं खाली टाका. कोयतापण. हळू."

मी टाकलं.

"तुमची बायको कुठे आहे?"

"गॅस्पार बेला."

"काय करतेय?"

"पडलीय. निवांत."

"एकटी?"

"हो," मी म्हणालो. "आता तिला कोणाचाच त्रास नाही."

दुकानदाराने टोपी काढली. कोणीतरी रेडिओ बंद केला. माझे शब्द माझ्याच कानांना कसे लागले ते मला कळलं, पण तोवर हातात बेड्या पडल्या होत्या. मी म्हणालो, हे सरबत आहे, वास घेऊन बघा. कोणीही वास घ्यायला पुढे येईना. सगळा गाव धक्क्यावर जमला. मला बिअरच्या रिकाम्या खोक्यावर बसवलं, आणि सिप्रियन बोट घेऊन गॅस्पार बेला गेला. चेहरा असा, जणू प्रेत आणायला चाललाय.

सूर्य टेकला तेव्हा बोट दिसली. पुढच्या टोकाला एस्लिन बसली होती. केसांत वाळू, हातात चपला, तोंडाने काहीतरी गुणगुणत. लग्नानंतर मी तिला इतकं सुंदर कधी पाहिलं नव्हतं. धक्क्यावर हायसं वाटल्याचा एक मोठा सुस्कारा उमटला. (त्यात थोडी निराशाही होती.)

रामखेलावन घाईने किल्ली काढत पुढे गेले. "माफ करा, बाई. तुमच्या खुनाच्या संशयावरून आम्ही तुमच्या मिस्टरांना धरून ठेवलं होतं. आता लगेच सोडतो."

एस्लिनने माझ्याकडे पाहिलं. माझ्या शर्टाकडे, बेड्यांकडे, खोक्याकडे पाहिलं. मग मान वळवून बराच वेळ समुद्राकडे पाहिलं.

"साहेब," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत ठेवून घेता येणार नाही का? सिप्रियन उद्याही बोट काढतो म्हणतोय."