हैबतरावांची राहिलेली खेप

"जड गाडी माझ्याकडं द्या," घोटावड्याचे हैबतराव आपल्या भाडेकरूला म्हणाले. "हलक्या गाड्या काय, कुणीबी पळवतंय. जड गाडीला माणूस लागतो."

हे बोलणं चाललं होतं विमानाचं, आणि तेही संगणकावरच्या. वरच्या खोलीत राहणारा शैलेश हिंजवडीच्या कंपनीत कामाला. दर रविवारी तो आणि त्याचे मित्र आपापल्या घरी बसून विमानांच्या लढाईचा खेळ खेळायचे. प्रत्येकाला हवं असायचं ते सुळकन निसटणारं, चपळ विमान. बॉम्ब टाकणारं जड बॉम्बर मात्र कुणालाच नको. चार इंजिनांचं ते धूड गाभण म्हशीच्या चालीनं वर चढणार, वाटेत कुणीही येऊन त्याला गोळ्या घालणार. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या गटाचं एकही बॉम्बर माघारी आलेलं नव्हतं, हे शैलेशनं सहज बोलता बोलता सांगितलं.

"माघारी" हा शब्द हैबतरावांच्या काळजात जाऊन बसला. त्याचं कारण सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

हैबतरावांनी एकतीस वर्षं प्रवासी गाडी चालवली. नोकरीचा शेवटचा दिवस एकतीस जुलैचा. त्या दिवशीची शेवटची खेप ताम्हिणी घाटातून जायची आणि संध्याकाळी डेपोत यायची. डेपोत हार आणलेला, खुर्च्या मांडलेल्या. आणि घाटात दरड कोसळली! पॅसेंजर चिखलातून चालत पलीकडच्या गाडीत जाऊन बसले. हैबतराव आणि त्यांचा बावीस वर्षांचा जोडीदार, कंडक्टर बाबालाल, गाडीतच राहिले. सकाळी रस्ता मोकळा झाला, पण तोवर तारीख एक ऑगस्ट. हैबतराव आता ड्रायव्हर राहिले नव्हते. डेपोनं दुसरा ड्रायव्हर पाठवला. हैबतराव आपल्याच गाडीत मागच्या बाकावर बसले, आणि बाबालालनं, तो अजून नोकरीत असल्यामुळं, नियमानं त्यांचं तिकीट फाडलं.

डेपोत आणलेला हार त्याच दिवशी निवृत्त होणाऱ्या दुसऱ्या एकाच्या गळ्यात पडला होता. त्याला दोन मिळाले.

तेव्हापासून दोन वर्षं हैबतराव बाबालालशी बोलले नव्हते. खरं तर ते कुणाशीच फारसे बोलत नव्हते. सकाळी उठायचं, पडवीत बसायचं, रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे गियर कुणी चुकीचे टाकले ते ऐकायचं आणि सुस्कारा सोडायचा. रात्री झोपेत त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. त्यांच्या बायकोच्या, लीलाबाईंच्या, पोटरीवर त्याच्या खुणा होत्या. एकच गोष्ट त्या माणसाला खात होती. एकतीस वर्षांत केलेल्या प्रत्येक खेपेची गाडी त्यांनी माघारी आणली होती, फक्त शेवटची राहिली होती.

म्हणून जड गाडी मागितली. शैलेशनं आपला जुना संगणक, विमान चालवायचा दांडा आणि पायानं दाबायची पेडलं खाली आणून त्यांच्या दार-खिडकीच्या बंदिस्त पडवीत मांडून दिली. पडद्यावर त्यांचं नाव मराठीत लिहून दिलं, मोठ्या अक्षरात, हैबतराव. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण विमान चालवायला कुठं हेवी लायसन लागतं?

पहिल्या रविवारी विमान धावपट्टीवर उभं राहिलं, चारी इंजिनं सुरू झाली, आणि हैबतराव नुसते बसून राहिले. कानातल्या यंत्रातून शैलेश ओरडतोय, मित्र ओरडतायत. हैबतरावांचा हात हलेना. शेवटी शैलेश धावत खाली आला. तेव्हा कळलं की ते डबल बेलची वाट बघत होते. कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली की गाडी हलते, एकदा ओढली की थांबते. एकतीस वर्षं हात असाच चालला होता. मन कितीही म्हणालं तरी तो दुसऱ्या कशानं चालत नव्हता.

विकलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटा खुंटीला होती. ती खिडकीच्या गजाला बांधून तिला सुतळी लावली, आणि सुतळीशी लीलाबाईंना बसवलं. दोन टोले पडले तसं धूड डौलात उडालं. पण लीलाबाई चहा झाला तरी घंटा वाजवायच्या आणि दारात भाजीवाला आला तरी वाजवायच्या. दोन रविवार त्यात वाया गेले. मग त्यांनीच, नवऱ्याला न विचारता, पौडला बाबालालकडं निरोप धाडला.

पुढच्या रविवारी सकाळी बाबालाल दारात उभा राहिला, तो खाकी कपड्यांत. हैबतरावांनीही, का कोण जाणे, त्याच दिवशी ट्रंकेतली खाकी काढली होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. बाबालाल घसा साफ करून म्हणाला की तिकिटाचं त्याच्या मनाला लागून राहिलंय. हैबतराव म्हणाले, "नियम होता," आणि सुतळीकडं बोट दाखवलं. दोन वर्षांचा अबोला तेवढ्यावर मिटला.

त्या दिवशी मोठा सामना होता. लीलाबाईंनी पिरंगुटहून झेंडूचा हार आणून परातीत ठेवला होता. गाडी आली की घालायचा. ह्या वेळी हार दुसऱ्याच्या गळ्यात जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं.

डबल बेल झाली. विमान उठलं. काय चालवलं हैबतरावांनी! भोवती चपळ विमानं माशांसारखी घोंगावतायत, गोळ्या सुटतायत, शैलेशचे मित्र कानात ओरडतायत, काका वळवा, काका खाली घ्या. हैबतराव सरळ रेषेत चाललेले. मागं माणसं बसलीत, हिसका द्यायचा नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि गंमत अशी की एवढी सरळ, एवढी संथ वस्तू आभाळात कुणी कधी पाहिलीच नव्हती. शत्रू वेगानं यायचे आणि पुढं निघून जायचे. नदीवरचा पूल आला, बॉम्ब पडले, पूल गेला. वळताना एक इंजिन विझलं, मग दुसरं. शैलेशचं विमान तर केव्हाच पडलं होतं. तो हवाई छत्रीनं आपल्याच धावपट्टीजवळच्या शेतात उतरला होता. पण दोन इंजिनांवर, पंखाला भोकं घेऊन, घाम पुसत हैबतराव माघारी येत होते.

समोर धावपट्टी दिसायला लागली. घोटावड्याच्या शाळेपासून मारुतीच्या देवळापर्यंत असतं तेवढंच अंतर राहिलं. लीलाबाईंनी हार हातात घेतला. हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी तरळलं, त्यामुळं मोतीबिंदूनं दिसत नव्हतं त्याहून जास्त दिसेनासं झालं.

आणि घंटा एकदाच वाजली.

एकदाच. हैबतरावांच्या हातानं इंजिनाचा दांडा मागं ओढला, पायानं पेडल दाबलं. मनाला विचारायला कुणालाच सवड नव्हती. ते धूड आधीच अर्धमेलं, ते हवेत क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि धप्पकन शेतात बसलं. पाती वाकली, धूर निघाला. धावपट्टी समोर दिसत होती.

हैबतरावांनी दांडा सोडला. मग हैबतराव हळूच म्हणाले, "का रं बाबालाल?"

बाबालालनं पडद्याकडं बोट केलं. शेतात एक इवलासा माणूस उभा होता आणि दोन्ही हात हलवत होता. "उतारू होता, डायव्हर. हात दाखवत होता. गाडीत जागा असताना उतारू टाकून आपण कदी गेलोय का?"

हैबतरावांनी पडद्याजवळ सरकून त्या माणसाकडं डोळे बारीक करून बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "कदीच न्हाई. बेल बरोबर दिलीस."

तेवढ्यात शैलेश जिना उतरून धापा टाकत आला. "काका, शेतातला तो मीच. मी तुम्हाला शाबासकी देत होतो. हात हलवून जा, जा म्हणत होतो."

शैलेश बिचारा पुन्हा वर गेला, कानाला यंत्र लावून उरलेला सामना बघत बसला. हैबतराव उठले, पडवीतल्या खाटेवर जाऊन आडवे झाले आणि त्यांनी पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली. खेप पुन्हा राहिली होती. आता परत बसणार नाही, असं ते चादरीतून म्हणाले, आणि ते खरं वाटत होतं.

लीलाबाई हार घेऊन तशाच उभ्या. त्यांना रडू आलं. सत्तर रुपयांचा ताजा हार परातीत सुकू द्यायचा कसा? देवाला घालावा तर देवाला सकाळीच घातलेला. म्हणून त्यांनी तो समोरच्या पडद्यालाच घातला. निदान गाडीला तरी. मग त्या भिंतीला टेकून पदरानं डोळे टिपत बसल्या. बाबालाल टोपी काढून, मान खाली घालून खाटेच्या पायथ्याशी.

आता शेजारचा गेणबा नेमका ह्याच वेळी बांबूची शिडी मागायला आला. त्यानं खिडकीतून आत पाहिलं. एक चौकट, तिला हार, चौकटीत मोठ्या अक्षरात हैबतराव. खाली खाट, खाटेवर डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर. वहिनी रडतायत. गेणबानं शिडी मागितली नाही. त्यानं दबक्या आवाजात एवढंच विचारलं की कसं झालं, आणि लीलाबाई हुंदका देऊन म्हणाल्या, "विमान पडलं, भावजी. पार दारात येऊन पडलं."

अर्ध्या तासात अंगण भरलं. हैबतरावांच्या विमानाला अपघात झाला, ही बातमी देवळापासून दूध डेअरीपर्यंत गेली. कुणी विचारलं, हैबतराव विमानात बसले कधी? कुणी म्हणालं, भाडेकरू आयटीत हाय, त्यानं बसवलं असंल. दुसऱ्यानं विचारलं, मग मयत इतक्या लवकर घरी कसं आणलं? त्यावर गेणबा म्हणाला की हिंजवडीवाल्यांचं सगळं आता तासाभरात घरपोच येतं. हे सगळ्यांना पटलं.

सामन्यासाठी दाराला आतून घातलेली कडी तशीच होती. दार वाजवून घरच्यांना त्रास द्यायचा नाही, म्हणून लोक अंगणातच बसून राहिले. खरं तर अशी भाषणं स्मशानात करायची असतात. पण सरपंचांना लवळ्याला एका उद्घाटनाला जायचं होतं, म्हणून त्यांनी उभं राहून तिथंच सुरुवात केली. असा ड्रायव्हर होणे नाही, म्हणाले. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही. मग शाळेचे गुरुजी बोलले, की हैबतरावांनी पावसात पोरांसाठी गाडी ओढ्यापलीकडं थांबवून ठेवली होती, म्हणून ती परीक्षेला पोचली. मग एक म्हातारी उठली. दवाखान्यात न्यायच्या सुनेला त्यांनी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर निजवून नेलं होतं, आणि आज तो नातू कॉलेजात आहे, असं तिनं सांगितलं. अंगण मुसमुसायला लागलं.

आत चादर हलली. हैबतराव उठून बसले. मग पावलं न वाजवता दारापाशी आले आणि फळीला कान लावून उभे राहिले. डेपोत खुर्च्या मांडूनही जे ऐकायचं राहून गेलं होतं, ते सगळं दोन वर्षांनी बाहेर कुणीतरी बोलत होतं. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं.

लीलाबाई घाबरून कडीकडं गेल्या. बाबालाल कुजबुजला, "डायव्हर, बाहेर जा. लोक तिरडीचा बांबू बघायला लागल्यात."

"थांब रं," हैबतराव म्हणाले. "अजून दोगं बोलायचं हायेत."

दोघांपैकी एक बोलला, चांगला बोलला. मग शेवटी गेणबा उठला. बालपणापासूनचा शेजारी. हैबतरावांनी डोळे मिटून घेतले.

"माणूस सोनं," गेणबा म्हणाला. "ह्यात वाद न्हाई." तो थांबला, नाक शिंकरलं. "पण आज मन मोकळं करतो. गाडी लई म्हंजी लईच हळू चालवायचा. ह्याच्या गाडीनं गेलो आनि माज्या पोरीचा साखरपुडा हुकला. सायकलवाला म्होरं निगून गेला आमच्या. इमान तरी कसं पडलं म्हंता? त्येबी हळूच चालवलं असनार."

अंगणात दोघंतिघं हो हो म्हणाले.

कडी खाडकन वाजली, दार उघडलं, आणि खाकी कपड्यातलं मयत उंबऱ्यात उभं राहिलं. म्हातारी किंचाळली, सरपंच तुळशीवृंदावनामागं गेले.

"कोण म्हनतंय हळू?" हैबतराव गरजले.

त्या गडबडीत मागं सुतळीला बाबालालचा धक्का लागला, आणि घंटा एकदाच वाजली.

पुढं टाकलेला पाय हैबतरावांनी तिथल्या तिथं थांबवला. मग तसेच उभे राहिले, दुसऱ्या टोल्याची वाट बघत.