डोमाजीचा न चावणारा रेझर

मी माझा चेहरा डोमाजीला प्रयोगासाठी वापरायला दिला. त्याने मागितला आणि मी हो म्हटलं. त्याहून मोठी चूक म्हणजे, एवढ्या मोठ्या कॉलनीत त्याने नेमका माझाच चेहरा निवडला तो देखणा म्हणून, असं मी धरून चाललो. लहानपणी देवी येऊन गेल्याच्या खुणा माझ्या दोन्ही गालांवर आहेत, हे खरं. पण माझी आई त्यांना 'उठाव' म्हणायची, आणि आईवर शंका घ्यायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

तेव्हा भिलाई अजून व्हायची होती. पोलादाचा कारखाना थोडा आभाळात, थोडा खड्ड्यात आणि उरलेला आमच्या नाकात होता. सेक्टर सहामधल्या नव्या क्वार्टरांत एकट्या माणसांची दोघांत एक अशी सोय होती. मी टाइम ऑफिसात कारकून, आणि माझ्या वाट्याला आलेला डोमाजी मशीन शॉपमध्ये फिटर. तुमसरकडचा, चाळिशीला टेकलेला, उंच आणि सुकलेला. मी त्याला डोमाजीभाऊ म्हणायचो. तो मला बाबू म्हणायचा, आणि तेही गरज पडली तरच.

लोक भिंतीला देवाची तसबीर लावतात. डोमाजीने खिळे ठोकून सेफ्टी रेझर टांगले होते. एकाची मूठ पळीएवढी लांब, एकाची मान चमच्यासारखी वाकवलेली, एकाचे दाते कानशीने घासून सपाट केलेले. सेफ्टी रेझर म्हणजे खाली पट्टी, वर टोपी, मध्ये दुधारी पातं. सगळ्या जगाने ते मुकाट्याने मान्य केलं होतं. डोमाजीने केलं नव्हतं.

"याले सुधरवा लागते," तो म्हणायचा.

मेसमधले जुने लोक सांगायचे की पूर्वी तो सगळंच सुधारायचा. कोणाची सायकल, कोणाचं कुलूप, कोणाचा बंब. कोणी न सांगताही सुधारायचा. आता मात्र फक्त रेझर. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. आमच्या क्वार्टरमध्ये चूल नव्हती, शेगडी नव्हती, साधी काडेपेटीसुद्धा नव्हती. मी एकदा चहापुरता स्टोव्ह आणायची गोष्ट काढली, तर तो उठून बाहेर गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतला नाही. मी म्हटलं, असेल काही व्रत.

सकाळी तो आधी स्वतःची दाढी करायचा, मग मला पालथ्या बादलीवर बसवायचा. पाणी थंड. पौषातही थंड. दात वाजत असताना दाढी करून घ्यायची म्हणजे पळत्या गाडीत सुईत दोरा ओवण्यासारखं.

"थंड्या पाण्यानं कातडी ताठ राह्यते," तो म्हणायचा. मग रेझर फिरवायचा आणि विचारायचा, "चावला का?"

"चावला."

"कोठी?"

मी बोट दाखवायच्या आत रक्तच जागा दाखवायचं. डोमाजी तुरटी लावायचा आणि रेझर उजेडात धरून त्याच्याकडे असा बघायचा, जणू आपल्या घरच्या कुत्र्याने पाहुण्याला धरलं.

एकदा त्याने जुन्या पात्याच्या धारा मोडून उरलेली पट्टी नव्या पात्याखाली घातली. पातं वर उचललं गेलं आणि इतकं चावलं की मला ऑफिसात हनुवटीला फडकं बांधून जावं लागलं. हेडक्लार्क म्हणाले, "काय हो, बायको आली वाटतं गावाहून?" मला बायको नव्हती. ती मिळवायला मी त्याच आठवड्यात मामाबरोबर गोंदियाला गेलो. गालांवर वर्तमानपत्राचे चिकटवलेले तुकडे होते. मुलीच्या वडिलांनी बराच वेळ माझ्या तोंडावरच्या बातम्या वाचल्या आणि विचारलं, "भिलाईत मांजरी फार आहेत का?" नंतर निरोप आला की मुलगा बरा आहे, पण भांडकुदळ दिसतो.

मी चिडून डोमाजीला म्हटलं, "बस झालं. दुसऱ्या कोणाचा गाल बघ."

"तुहाच पायजे, बाबू," तो म्हणाला. "दुसरा चालत नाही. पोळ्याच्या आत याचं चावणं बंद झालं पायजे."

"का? बैलांची दाढी करायची आहे?"

तो हसला नाही. म्हणाला, "पोळ्यानंतर बनवून का करू?" आणि कानस उचलली. 'तुहाच पायजे' हे ऐकून मी मात्र खूश होतो. दुसऱ्या दिवशी परत बादलीवर बसलो.

सुट्टीच्या दिवशी डोमाजी अंगभर साबण लावून आंघोळ करायचा, एक रेझर फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकायचा आणि रिसालीच्या वाटेने निघून जायचा. रिसाली तेव्हा गावच होतं. एकटा माणूस, गुळगुळीत दाढी, साबणाचा वास आणि पिशवी. याचा एकच अर्थ होतो, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. नुसतं सांगून भागेना, म्हणून एका सुट्टीला सायकल काढून त्याच्या मागे गेलो. बाई कशी आहे ते पाहावं, एवढाच स्वच्छ हेतू.

चिखलातून सायकल ढकलत मी एका कवेलूच्या छपराच्या खोलीपाशी पोचलो. दार उघडं होतं. आत बाई नव्हती. खाटेवर एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि डोमाजी जमिनीवर बसून रेझरला काहीतरी करत होता.

"दादा, कोणी आलं," म्हणत खाटेवरचा माणूस वळला.

मी सायकल सोडून दिली. ती पडली. मेणबत्ती वितळून कशीही थिजावी तसा तो चेहरा होता. डोळ्यांच्या जागी कातडीच्या घड्या. गालांवर जाड वळ्या, आणि त्या वळ्यांच्या मधून, जिथे जिथे कातडी वाचली होती तिथे, दाढीचे काळे झुपके. काही ठिकाणी केस आत वळून कातडी पिकली होती.

"माहा भाऊ. किसन," डोमाजी म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"गालवाला बाबू होय का?" किसन म्हणाला. "बस ना भाऊ. दादा तुह्याच गोष्टी सांगते."

मी बसलो. काय बोलावं ते सुचेना, तेव्हा माणूस सगळ्यात वाईट प्रश्न विचारतो. मी विचारलं, "कसं झालं हे?"

"स्टोव्ह," किसन म्हणाला. "दादानं सुधरवला होता. लवकर पेटाले पायजे म्हणून." गालावरून हात फिरवत तो म्हणाला, "पेटला लवकर."

डोमाजीचे हात थांबले नाहीत. मोटरच्या वाइंडिंगमधली बारीक तांब्याची तार तो पात्याभोवती गुंडाळत होता, एकेक वेढा नखाने सरकवून. मला आमच्या क्वार्टरमधली नसलेली काडेपेटी आठवली. ते थंड पाणी आठवलं.

किसन मोकळा माणूस होता. त्यानेच बाकीचं सांगितलं. केस वाढले की आत वळतात, कातडी पिकते, ताप येतो. गावच्या न्हाव्याला बोलावलं, तर त्याने तोंड पाहिलं आणि वस्तरा परत पिशवीत घातला. 'मोर ले नइ होय भइया,' आपल्याच्यानं होत नाही, म्हणाला आणि गेला. दवाखान्यातल्या एकाने हिंमत केली, तर त्याने केलेली जखम महिनाभर भरली नाही.

"अन् आता सुभद्रा येऊन राहिली," तो म्हणाला. सुभद्रा त्याची बायको. जळाल्यापासून त्याने तिला येऊ दिलं नव्हतं. तिने गावाकडून येणाऱ्याबरोबर निरोप धाडला होता की पोळ्याला येते, कोणी हो म्हणो का नाही म्हणो. "चेहरा त आता वापस येत नाही, बाबू. ते मले समजते. पण असा केसायनं भरलेला, पू आलेला नाही दाखवत मी तिले. साफ त असला पायजे. नाही त दाराले आतून कडी लावतो."

"मग करू द्या की यांना," मी म्हटलं.

"मी त म्हणतोच, कर. दादाच हात लावत नाही. दर सुट्टीले रेझर आणते, माह्या हातात देते, वापस घेऊन जाते. म्हणते, अजून बाबूले चावते."

त्यानंतर मी बादलीवर बसायचो तो वेगळ्या मनाने. चावला तरी नाही म्हणावं असं रोज वाटायचं, आणि खोटं बोलायचं मला वावडंही नाही. पण डोमाजी माझ्या शब्दावर थांबत नसे. ओली बोटं गालावरून फिरवून पाहायचा आणि मान हलवायचा. त्याने टोपी दोन्ही बाजूंनी पितळेच्या पट्टीने झाकली आणि नखाएवढीच धार उघडी ठेवली. तिच्यावर तारेचे वेढे. वेढे दूर झाले की चावायचं, दाट झाले की केसच निघायचे नाहीत. पोळा जवळ आला आणि डोमाजीचं जेवण सुटलं.

पोळ्याच्या सकाळी त्याने माझी दाढी केली. "चावला का?"

"नाही."

त्याने बोटं फिरवली. खळग्यांतून, उंचवट्यांवरून, कानाखाली. बोटांना काही लागलं नाही. तरी तो उठेना. रेझर मांडीवर घेऊन बसून राहिला.

"आज तुह्या गालानं धोका दिला असन," तो म्हणाला. "स्टोव्ह बी मी तपासून पाह्यला होता."

मी आयुष्यात धडाडीची कामं फार केली नाहीत. त्या दिवशी मी त्याची पिशवी घेतली, त्याला दंडाला धरून सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि रिसालीपर्यंत पायडल मारत गेलो. वाटेत पोरं मातीचे बैल ओढत होती. डोमाजी मागे इतका गप्प होता की तो उतरून गेला की काय म्हणून मी दोनदा वळून पाहिलं.

किसन खाटेवर तयार बसला होता. मी वाटी धरली. डोमाजीने थंड पाण्याने साबण लावला. रेझर उचलला, पण तो गालाजवळ जाऊन परत येत होता.

"दादा," किसन म्हणाला, "मी बसून हावो. तू श्वास घे."

डोमाजीने श्वास घेतला. धार गालाला टेकली. मग बराच वेळ खोलीत फक्त केस खरवडल्याचा बारीक आवाज होता. एका वळीच्या कडेने वर, दुसरीच्या पोटातून खाली. पिकलेल्या जागी तो रेझर बाजूला ठेवून चिमट्याने केस ओढायचा. वाटीतलं पाणी काळं झालं. लाल झालं नाही.

"चावला का?" डोमाजीने विचारलं.

"नाही," किसन म्हणाला.

डोमाजी बाहेर ओट्यावर जाऊन बसला. ओला रेझर हातातच होता.

सुभद्रा दुपारी आली. डोक्यावर गाठोडं, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. दारात उभी राहून तिने नवऱ्याकडे पाहिलं. गाठोडं खाली ठेवायचं तिला सुचलं नाही. किसन तिच्या बांगड्यांच्या आवाजाच्या दिशेने तोंड वर करून बसला. मग ती गाठोडं उतरवून आत गेली, त्याच्या शेजारी टेकली आणि कानामागे राहिलेला साबण पदराने पुसला. पुसून झाल्यावरही हात तिथेच ठेवला.

डोमाजी दाराशी आला होता. मी वाटी घेऊन तसाच उभा. सुभद्राने भरलेले डोळे नवऱ्यावरून काढले ते माझ्यावर येऊन थांबले. खळगे, खपल्या, तुरटीचे पांढरे डाग, सगळं तिने नीट पाहून घेतलं.

"अन् या भाऊले का झालं?" तिने हळूच विचारलं.

"त्याले काई नाही झालं," डोमाजी म्हणाला. "त्याचं थोबाड मुळातच तसं हाये. म्हणून त घेतलं."